जयंतीअक्काची सकाळची गोळी

हे मी लिहिणारच नव्हते. आपल्या मराठी मंडळाच्या पानावर 'आपल्यातली माणसं' या सदरात या आठवड्याला माझा नंबर आहे हे महिन्यापूर्वीच ठरलं होतं, कोणाबद्दल लिहिणार तेही ठरलं होतं. पण मग जे झालं ते झालं, आणि मी सदर बघणाऱ्या मकरंददादाला मेसेज टाकला की मला जमणार नाही, दुसऱ्या कोणाला तरी सांग. त्याने 'बरं' म्हटलं. तरी मी दोनदा लिहायला बसले आणि दोनदा सगळं पुसलं. कारण जिच्याबद्दल लिहायचं तिचं एक गुपित मी आधीच फोडून बसलेय, आणि त्याचं पुढे काय झालं ते हे पान वाचणाऱ्या निम्म्या लोकांना माहीत आहे. तिला अजून किती उघडं पाडायचं?

शेवटी काल तिलाच विचारलं. म्हणाली, "लिही. लपवायास आता काय उरलंय. पण मी कोणकोणाच्या घरी रांधलं त्यांची नावं नक्को."

म्हणून नावं नाहीत. ज्यांची त्यांना कळतील.

जयंतीबाई. सगळे अक्का म्हणतात. चेन्नईत, तिरुवल्लिकेणीला देवळामागच्या गल्लीत, खाली टेलरचं दुकान आणि वर दोन खोल्या, तिथे ती आणि तिचा धाकटा भाऊ बालाजीराव राहतात. नवरा फार लवकर गेला, मूलबाळ नाही. तंजावरची माणसं. अक्काचं मराठी ऐकलं की पहिल्यांदा हसू येतं, 'आहे'ला 'अहे' म्हणते, 'मला'ला 'मज', मध्ये मध्ये तमिळ, आणि सूर तर पूर्ण तमिळच. काम काय करते तर श्राद्धाचा स्वैपाक. चेन्नईतल्या आपल्या जुन्या घरांमध्ये तिथी आली की आधी अक्काला फोन जातो, ती मोकळी असली तर मग गुरुजींना.

आमच्याकडे ती आली ती आजोबांच्या वर्षश्राद्धाला. बाबांची बँकेतली बदली, आम्ही साताऱ्याहून अण्णा नगरात नवीन, आईला इथलं कोणी माहीत नाही. कोणीतरी अक्काचा नंबर दिला. सकाळी उजाडता उजाडता ती स्वतःची भांडी घेऊन दारात उभी. न्हाणीघरात गेली, अंगावर पाणी घेतलं, ओलंच नऊवारी नेसून बाहेर आली आणि मी ओट्याजवळ उभी होते ते बघून म्हणाली, "ओट्यावरचा तो फोन उचल. आणि तूही हो बाजूस."

"मी काय केलं?"

"काही नाही केलंस. पण शिवशील. मी मडीत अहे."

मडी म्हणजे आपलं सोवळं. आईने फ्रिजमधून भाजी काढून दाराशी ठेवली, कोबी, गाजर, बटाटे. अक्काने ती पायाने नाही पण जवळजवळ पायानेच बाजूला सारली. "ह्या इंग्लिश भाज्या. पितर खात नाहीत."

"अहो जयंतीबाई, आमच्याकडे बटाटा चालतो," आई म्हणाली.

"तुमच्याकडे चालत असेल. त्यांच्याकडे विचारलंत काय?"

आईने भाजी उचलून परत फ्रिजमध्ये ठेवली. बाबा दिवाणखान्यात तोंड दाबून हसत होते. मग कच्ची केळी, कारलं, मिरची नाही तर मिरी, वडे, खीर, तिळाचे लाडू. ते सगळं तिने एकटीने केलं, एक घोट पाणी न पिता. गुरुजी जेवले, आम्ही जेवलो, आणि तीन वाजून गेल्यावर कधीतरी ती स्वैपाकघराच्या कोपऱ्यात पान घेऊन बसली. हे लक्षात ठेवा. श्राद्धाचा स्वैपाक करणारी बाई सगळ्यांच्या शेवटी जेवते, त्याआधी तिच्या तोंडात काही जात नाही. आणि त्या दिवशी रात्री पुन्हा जेवत नाही. मला त्या दिवशी वाटलं होतं की ही बाई रोबो आहे.

माझं कॉलेज तिच्या घरापासून चालत जायच्या अंतरावर आहे, मी बायोटेक करते. लेक्चर बुडालं की मी अक्काकडे. ती जेवायला वाढायची आणि टोमणे मारायची. माझ्या केसांवरून, माझ्या तमिळवरून, मी भात कसा कालवते त्यावरून. एकदा म्हणाली, "पाळी जाते तेव्हा बायकांना कसंसंच होतं म्हणतात. मज तर नोकरी लागली."

मला कळलंच नाही.

"अगं, त्याआधी कोणाला शब्द कसा देणार? तिथी येते तेव्हाच पाळी आली तर त्यांनी काय करायचं? पाळी गेली आणि मग मी कोणासही हो म्हणू शकले. सगळ्या वर्षाचं हो."

असं हसत सांगायची. म्हणून मग जेव्हा रक्त परत आलं, दुसऱ्याच वाटेने, तेव्हा तिने ते का लपवलं ते मला आता समजतं. तेव्हा नाही समजलं.

पहिल्यांदा मला तिच्या नडग्यांवर बारीक लाल ठिपके दिसले. टाचणीच्या टोकाएवढे, शेकड्यांनी. म्हणाली डास. मग दंडावर हा एवढा जांभळा डाग, म्हणाली पातेलं लागलं. मग एकदा तिच्या उशाखाली कापसाचे बोळे, वाळलेल्या रक्ताचे. मी बोळा हातात घेऊन तिच्यासमोर धरला तर म्हणाली, "नाकातनं. उष्ण पडलं. टाक तो, आणि हात धू, आणि बालाजीस सांगू नक्को."

मी ऐकलं नाही, मी कोणाचंच ऐकत नाही. रिक्षात घातलं आणि कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये नेलं. संध्याकाळच्या आत लॅबवाल्याचा फोन, हे पेशंट कुठे आहे, लगेच दाखवा. प्लेटलेट इतक्या कमी की त्याला वाटलं मशीन बिघडलं म्हणून त्याने परत मोजल्या होत्या.

या शहरात प्लेटलेट कमी म्हटलं की सगळे एकच शब्द बोलतात, डेंग्यू. टेलर पपईच्या पानांचा रस घेऊन आला. शेजारीण निलवेंबूचा, म्हणजे कडू किराईताचा काढा घेऊन आली. बालाजीमामाने इम्युनिटी वाढवायची पावडर आणली, मोठा डबा. ताप नव्हता हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. अण्णा नगरातल्या एका हॉस्पिटलमध्ये रक्ताच्या डॉक्टर आहेत, हरिप्रिया म्हणून, त्यांनी सगळ्या तपासण्या केल्या, बाकीची कारणं एकेक करून बाद केली आणि म्हणाल्या की हा डेंग्यू नाही, कॅन्सरही नाही. हिची प्रतिकारशक्ती कमी नाहीये. ती चुकीच्या माणसाला मारतेय. आयटीपी म्हणतात.

घरी आल्यावर अक्का केळीची पानं पुसत बसली होती, मी समोर बसले आणि मला जेवढं येतं तेवढं सांगितलं.

"बघ, रक्तात प्लेटलेट असतात, बारीक बारीक तुकडे. कुठे काही फुटलं की धावत जाऊन बूच लावतात. तुझ्या संपत चालल्यात."

"होत नाहीत काय नव्या?"

"होतात. हाडांच्या आत होतात. पण बाहेर आल्या की तुझ्याच पेशी त्यांना खातात."

"माझ्याच?"

"पांढऱ्या पेशी. रोगाशी लढणाऱ्या. त्यात बी पेशी असतात, त्या अँटीबॉडी बनवतात, म्हणजे चिकटणारं एक प्रथिन. ते जंतूंना चिकटायला पाहिजे. तुझ्यात ते प्लेटलेटला चिकटतं. मग इथे, डाव्या बरगडीखाली प्लीहा असते, तिथे खादाड पेशी बसलेल्या असतात. त्या आत काय आहे बघत नाहीत. अँटीबॉडी चिकटलेली दिसली की गिळलं."

अक्काचा हात थांबला. "म्हणजे त्या प्लेटलेटात खोट नाही."

"काहीच नाही."

"कोणी तरी शिवलं, इतकंच."

"हो."

"शिवलं म्हणून टाकून दिलं." तिने पान उलटं केलं, परत पुसायला लागली. "तें मज कळतं. आणि त्यांस आवरणारं आत कोणी नाही? घरात एक तरी म्हातारं असतं की, पुरे म्हणणारं."

"असतात. टी पेशी म्हणून आणखी पांढऱ्या पेशी असतात, त्यातल्या काही त्याच कामाच्या, बाकीच्यांना आवरायच्या. तुझ्यात त्या कमी पडतायत. आणि दुसऱ्या टी पेशी उलट बी पेशींना चिथवतायत. काही तर थेट हाडात जाऊन प्लेटलेट जिथे तयार होतात तिथेच मारामारी करतात."

"माझ्या सासरी असलेच होते सगळे," अक्का म्हणाली.

मी इतकी हसले. खरंच सांगते, आमच्या वर्गात प्रोफेसरांना दोन तास लागले होते जे सांगायला ते ती पानं पुसता पुसता समजली, आणि पपईच्या रसाची बाटली टेलरला परत पाठवली, म्हणाली, "जे आधीच माजलेत त्यांस अजून काय पाजायचं?"

स्टेरॉइड सुरू झालं. ते या सगळ्या पेशींना गप्प बसवतं, खादाडांना आणि बाकीच्यांनाही. अक्काचा चेहरा फुगला, बालाजीमामा तिला पुरी म्हणायला लागला, ती त्याला भोपळा. पण ठिपके गेले. प्लेटलेट वर चढल्या. डॉक्टरांनी डोस हळूहळू उतरवायला घेतला आणि दर वेळी बजावून सांगायच्या, सकाळी घ्यायची, खाल्ल्यावर घ्यायची, रिकाम्या पोटी नाही, आणि एकही दिवस चुकवायची नाही, मध्येच बंद केली तर फार वाईट होईल. अक्का मान डोलवायची. मीही डोलवायचे. कोणाच्याही लक्षात आलं नाही की पुढे भाद्रपद येतोय.

भाद्रपदातला पितृपक्ष. महालय. रोज एक तिथी, रोज एक घर, आणि अक्काने वर्षाच्या सुरुवातीलाच सगळ्या घरांना शब्द दिलेला.

मी परीक्षेत होते. फोन करायचे, "गोळी?" ती म्हणायची, "होय की." मागे पातेल्यांचा आवाज. मला काय माहीत. घाईत ठेवून द्यायचे.

अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बालाजीमामाचा फोन आला. नुसतं 'लगेच ये' म्हणाला. मी पोचले तेव्हा अक्का भिंतीला टेकून बसलेली, ओठ मिटलेले. उघड म्हटलं तर मान हलवून नाही. शेवटी उघडले. जिभेवर, गालांच्या आत काळे फोड, रक्ताने भरलेले. हिरड्यांतून रक्त येत होतं, ती ते गिळत बसली होती. किती दिवस गिळत होती कोण जाणे. उठवायला गेले तर तिच्या पायात ताकदच नाही.

हॉस्पिटलमध्ये प्लेटलेटच्या पिशव्या चढवल्या. मी पिशवीकडे बघत बसले, आतल्या प्लेटलेट पिवळसर, लोकांनी दिलेल्या, धडधाकट. आत जात होत्या आणि खाल्ल्या जात होत्या. परत मोजल्या तर जणू चढवल्याच नव्हत्या. बाहेरून आणलेल्या असल्या म्हणून काय, आतल्यांना काय फरक पडतो, त्याही शिवल्या गेल्या. माझं पुस्तकात वाचलेलं सगळं समोर घडत होतं आणि मला काही म्हणजे काही करता येत नव्हतं. आई आली, माझ्या हातात डबा दिला, मी तो तसाच धरून उभी.

डॉक्टर हरिप्रिया बाहेर आल्या आणि बालाजीमामाला म्हणाल्या की स्टेरॉइडने धरलं नाही. पुरेसे दिवस दिलं, डोस नीट उतरवला, तरी कोसळलं, म्हणजे हिचा आजार त्याला दाद देत नाही. आता पुढच्या पायरीवर जावं लागेल. रक्तस्राव थांबला नाही तर प्लीहा काढून टाकायचा विचार करावा लागेल. एवढ्या कमी प्लेटलेटवर ऑपरेशन म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. मेंदूत रक्तस्राव व्हायची भीती आहेच, ती वेगळी.

मामा नुसता 'सरी, डॉक्टर, सरी' म्हणत राहिला. हो, हो.

मी आत गेले. अक्काला म्हटलं, "प्लीहा काढतील म्हणतायत. गोळीचा उपयोग झाला नाही म्हणे."

ती छताकडे बघत होती. मग तोंडावर पदर धरून म्हणाली, "घेतली नाही मी."

"काय नाही घेतली?"

"गोळी. महालयात."

"एकदा?"

"सगळा पक्ष."

"का? अक्का, का?"

"सकाळी खाऊन घ्यायची म्हणटल्या. सकाळी मी खाते काय? मी मडीत असते. वर ती इंग्लिश गोळी. कोबी चालत नाही आणि ती चालेल?"

"मग जेवल्यावर घ्यायची. तीनला, चारला."

"सकाळी म्हणटल्या होत्या. दुपारी घेतली तर बाधेल असं वाटलं. आणि रिकाम्या पोटी नक्को म्हणटल्या. रात्री मी जेवत नाही. मग कधी घेऊ, तूच सांग." असं इतक्या साधेपणाने विचारलं. डॉक्टरांनी सांगितलेलं एकेक वाक्य तिने पाळलं होतं. एकच सोडून.

"मी त्यांना सांगून येते," मी म्हटलं.

तेव्हा तिने माझं मनगट धरलं. ताकद कुठून आली माहीत नाही. "नक्को. शर्मी, नक्को. बालाजीस कळेल."

"कळू दे की."

"ऐक. पाचव्या-सहाव्या दिवसापासून हिरड्यांतनं येत होतं. मी कोणास बोलले नाही. तोंडात रक्त अहे आणि मी पितरांचं रांधलंय. कळलं तर ती घरं म्हणतील आमचे पितर जेवलेच नाहीत. वर्षभर उपाशी. तें मी काय सांगू त्यांस? काढू देत ती प्लीहा. मेले तर मेले. हे बाहेर नक्को."

मी उठले, बाहेर गेले, डॉक्टर लिफ्टपाशी होत्या, आणि मी सगळं सांगितलं. गोळी, मडी, सकाळ, सगळं. मागे बालाजीमामा उभा होता. मला माहीत होतं तो उभा आहे. विचार करायला थांबले नाही, आणि मला आज कोणी विचारलं तर आजही थांबणार नाही, कारण डॉक्टरांचा चेहरा बदलताना मी बघितला. त्या म्हणाल्या, "म्हणजे हे अपयश नाहीच. औषध पोटात गेलंच नाही. हे मला आधी कळायला हवं होतं. मी पण विचारलं नाही की ही बाई दिवसभरात जेवते कधी."

ऑपरेशनचं बोलणं थांबलं. स्टेरॉइड शिरेतून सुरू झालं, आणि बरोबर दुसरी एक मोठी बाटली, हजारो लोकांच्या रक्तातून गोळा केलेल्या अँटीबॉडीची. मी अक्काला समजवायचा प्रयत्न केला, ती माझ्याशी बोलत नव्हती तरी. म्हटलं, प्लीहेतल्या त्या खादाडांसमोर इतक्या अँटीबॉडी ओतायच्या की ते त्यातच गुंततात, तुझ्या प्लेटलेट खायला त्यांना सवडच राहत नाही. ती कुशीवर वळली. मग भिंतीशी बोलल्यासारखं, "आधी त्यांसच जेवू घालायचं म्हण की."

तेवढंच बोलली. मी तेवढ्यावर दिवस काढला.

तोंडातलं रक्त थांबलं. पण तोपर्यंत मामाने जे करायचं ते केलं होतं. मामा वाईट नाही. मामा हॉस्पिटलच्या जिन्यात बसून रडलाय, मी पाहिलंय. पण त्याने त्या सगळ्या घरांना मेसेज पाठवला, एकच मेसेज, हात जोडलेल्या चिन्हासकट. की माझी बहीण महालयात आजारी होती, तोंडातून रक्त येत होतं, तिने सांगितलं नाही, आपल्याकडच्या कार्याला दोष राहू नये म्हणून कळवणं माझं कर्तव्य आहे, क्षमा असावी.

मी किंचाळले त्याच्यावर, जिन्यातच. "मामा, काय केलंस तू हे?"

"अगं, माझी बहीण माझी अहे," तो म्हणाला. "पण त्यांचे पितर त्यांचे अहेत. मज गप्प कसं बसता येईल?"

शास्त्रात काय आहे मला माहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांच्यातही एकमत नाही, मी फोन करून विचारलंय, एक म्हणतात सगळं परत करा, एक म्हणतात नकळत झालं त्याला दोष नाही, एक म्हणाले मुली, तुला काय करायचंय.

एका घराने श्राद्ध परत घातलं. दुसऱ्या कोणाला तरी बोलावून. ते अक्काला कसं कळलं माहीत नाही, पण कळलं. मग एकेकाचे मेसेज यायला लागले, सगळे गोड, 'आता विश्रांती घ्या', 'यंदा आम्ही बाहेरून मागवू', 'काळजी घ्या हं'. ओरडलं कोणीच नाही. एकानेही. ओरडले असते तर बरं झालं असतं. नुसतं हळूच बाजूला काढून ठेवलं.

आणि भेटायला कोणी आलं नाही.

आता ती घरी आहे. आणि आता मी जे लिहितेय त्यासाठीच हे सगळं लिहिलं. गोळी ती घेते, रोज सकाळी, इडली खाऊन, मी व्हिडिओ कॉलवर बघते. पण या वेळी प्लेटलेट वर जाऊन परत घसरायला लागल्यात. पायांवर ठिपके परत आलेत, या वेळी गोळी न चुकवता आलेत, ते जास्त वाईट. डॉक्टर म्हणतात अजून एक औषध आहे, इंजेक्शन, शिरेतून द्यायचं, जे बी पेशींनाच काढून टाकतं, ज्या ती अँटीबॉडी बनवतात त्यांनाच. सगळ्यांना लागू पडतं असं नाही, पण बऱ्याच जणांना पडतं. आणि प्लीहा वाचवायची असेल, अक्काला वाचवायचं असेल, तर ते आत्ता द्यायला हवं. सोमवारची तारीख दिलीये.

अक्का नाही म्हणते.

मी पाया पडले. आई येऊन गेली, तासभर बसली, तिचंही ऐकलं नाही. डॉक्टर हरिप्रिया स्वतः फोनवर बोलल्या, तमिळमध्ये, हळू. अक्का सगळं ऐकते आणि म्हणते, "कोणासाठी?"

"माझ्यासाठी," मी म्हटलं.

"तू उद्या लग्न करून जाशील."

"मी नाही जाणार."

"सगळ्या असंच म्हणतात." तिने पायांवरचे ठिपके लुगड्याने झाकले. "मज रांधायास येतं, शर्मी. दुसरं काही येत नाही. आता माझ्या हातचं कोण खाणार? ते आतले बरे, खातात आणि संपवतात. बाहेरचे नुसते हात आखडून बसलेत."

मला अँटीबॉडी कशी चिकटते ते सांगता येतं, त्या टी पेशी का आवरत नाहीत त्याबद्दल अजून कोणालाच पुरतं माहीत नाही हेही सांगता येतं. पण हे नाही. मी 'मी खाईन' म्हटलं तर ती म्हणाली, "तू काहीही खातेस." ते खरंच आहे. माझ्या खाण्याला किंमत नाही, मी त्या जुन्या घरांपैकी नाही.

तुम्ही आहात. तुमच्यापैकी कितीतरी जण. तुमच्या आई-वडिलांच्या तिथीला वर्षानुवर्षं ती उपाशी पोटी तुमच्या चुलीपाशी उभी राहिलीये. मला तुमच्याशी शास्त्रावर भांडायचं नाही. श्राद्ध परत घालायचं तर घाला, त्याबद्दल मी एक शब्द बोलणार नाही. पण सोमवारच्या आत तिच्याकडे जाऊन या. तिरुवल्लिकेणी स्टेशनवर उतरा, देवळामागच्या गल्लीत टेलरचं दुकान विचारा, कोणीही दाखवेल. सर्दी-ताप असेल तर मात्र जाऊ नका, औषधांनी तिच्या लढणाऱ्या सगळ्याच पेशी मऊ पडल्यात, साधा संसर्गही तिला झेपणार नाही. हात धुवून आत जा. पपईचा रस, काढे, पावडरी काही नेऊ नका. समजावत बसू नका, ते आम्ही केलंय. नुसतं तिच्या खोलीत जा, खाली बसा, आणि म्हणा, अक्का, उन्हातून आलोय, जरा पाणी दे. ती तुमच्याकडे बघेल. उठायला तिला वेळ लागेल, लागू द्या, मदत करू नका. आणि तिने दिलं की तिच्यासमोर प्या.

एवढंच. कृपा करून रविवारवर ढकलू नका, उद्या जा.